हरणाच्या पलीकडे

रीडिंग,
मंगळवार, दुपार

प्रिय इंद्या,

तुझे मेसेज मिळाले. सगळे मिळाले आणि सगळे वाचले, निळ्या खुणा बघून तुला ते कळलंच असेल. गुरुवारी बंदूक-परवान्याकडचा पोलीस ऑफिसर माझ्याकडे येणार आहे, त्याला मी काय सांगणार हे तुला आजच्या आज हवंय. पहिल्या मेसेजमध्ये तू विचारतोस, दुसऱ्यात सुचवतोस, आणि तिसऱ्यात तर माझ्या तोंडी घालायची वाक्यंच तयार करून पाठवतोस: दोरी ताईच्या हातातून सुटली, कुत्री मध्ये धावली, मी तोवर चाप ओढला होता. खाली जोडलेले हात आणि एक लाल बदाम. वा रे वा! चाळिशी उलटली तरी तुझा गृहपाठ ताईनेच करायचा, फक्त आता उत्तरं तू सांगणार.

उत्तर देते, पण फोनवर नाही. फोनवर तू मध्ये बोलतोस. ऑफिसात त्याला कॉन्फिडन्स म्हणत असतील, आपल्या घरात त्याला आगाऊपणा म्हणायचे. कागदावर मला शेवटपर्यंत बोलू दिलं जाईल. मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुला सावकाश वाचावं लागेल. क्लिनिकला सुट्टी टाकली आहे, चहा करून घेतलाय, घाई कसलीच नाही.

तुझं काय पणाला लागलंय ते मला पाठ आहे. बंदुकीचं सर्टिफिकेट गेलं की तुझी मॅग्नम रायफल गेली. मॅग्नम गेली की तुमच्या फर्मच्या त्या बड्या पार्टनरबरोबरचं, ग्रॅहमबरोबरचं, शनिवार-रविवारचं रान गेलं. आणि नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या लॉजवर तुमच्या फर्मचे सगळे पार्टनर जमतात, तिथे यंदा पहिल्यांदा तुला बोलावलंय, तेही गेलं. पार्टनर कोणाला करायचं ते मीटिंगमध्ये ठरत नाही ताई, त्या डोंगरावर ठरतं, असं तू मला किती वेळा ऐकवलं आहेस. काल आईचाही वॉटफर्डहून फोन आला. कुत्र्यापायी पाठच्या भावाला बुडवणार का, म्हणून विचारत होती. तिला तू काय आणि किती सांगितलं आहेस ते मला लगेच कळलं. मी तिचं ब्लड प्रेशर विचारलं आणि फोन ठेवला.

तुला या रानात मी आणलं नाही, हे आधी स्पष्ट करते, कारण परवा बायकोला, मालविकाला तू तसं सांगितलंस म्हणे. मी जनावरांची डॉक्टर. जखमी हरणाचा माग काढायला शिकले ते कोणीतरी पहिल्यांदा अर्धमेलं हरीण क्लिनिकच्या दारात आणून टाकलं म्हणून. मग खारी आली. बवेरियन जातीची माग काढणारी कुत्री, खारी बिस्किटाच्या रंगाची, लोंबत्या कानांची, आणि नाक असं की काल सांडलेला रक्ताचा थेंब आज पावसानंतर दाखवायची. न्यूबरीच्या पलीकडच्या रानांतून कोणाचं हरीण गोळी खाऊन पळालं की लोक मला फोन करायचे. मी जायची, दहा मीटरची दोरी, पुढे ती, मागे मी. तू आलास ते नंतर, आणि हरणासाठी नाही, ग्रॅहमसाठी आलास. तो गोल्फ खेळत असता तर तू गोल्फ खेळला असतास आणि आज माझी कुत्री जिवंत असती.

सगळे शिकतात तशी साधी रायफल घेशील असं मला वाटलं होतं. पण साधं काही तुला कधी परवडलंय? सेव्हन एमएम मॅग्नम घेऊन आलास. बोटाएवढं काडतूस, आणि गोळी इतकी वेगात जाते की तीनशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेतच. वर धरायला नको, अंदाज बांधायला नको, दुर्बिणीत जिथे काटा तिथे गोळी. हे तू इतक्यांदा सांगितलंस की दिवाळीच्या जेवणात मालविकाच्या मावशीनेही ते म्हणून दाखवलं. सिंडिकेटच्या, म्हणजे त्या रानात शिकार करणाऱ्या मंडळाच्या शेडमध्ये, जिथे हरणं टांगतात, तिथे त्या काडतुसाबद्दल कोण काय बोलायचं ते तू ऐकलंस, पण निवडून निवडून ऐकलंस. स्कॉटलंडहून येणारा तो म्हातारा त्याची तारीफ करायचा, तेवढी तू उचललीस. पण तो दरीपलीकडच्या मोठ्या नरावर, पोटावर पडून, रायफल नीट टेकवून, वर्षातून चार गोळ्या झाडतो, ते नाही उचललंस. एकाच्या भुवईवर धक्क्याने दुर्बीण आपटून टाके पडले होते. एकाने एका सीझनमध्ये रायफल विकली, कारण छोट्या हरणाचा अख्खा खांदा चिवड्यासारखा व्हायचा आणि खाटीक घ्यायला तयार नसायचा. आणि मी सांगितलं होतं की मला सगळ्यात जास्त फोन मॅग्नमवाल्यांचे येतात. गोळी सरळ जाते म्हणून लांबून मारतात, धक्का जोरात बसतो म्हणून आधीच डोळे मिटतात, आणि मग हरणाला कुठे लागलं तेच बघितलेलं नसतं. काडतुसाचा त्यात काही दोष नाही. मी स्वतः तुझी रायफल झाडून बघितली आहे, बिचारी सांगू तिथे मारते. तू हसलास आणि म्हणालास, ताई, तू जेलस आहेस.

म्हणून मी ती गंमत केली. रेंजवर तुझ्या काडतुसांत एक रिकामं मिसळून दिलं, तुला न सांगता. शिकवणारे सगळेच करतात. बंदूक वाजायची नसली की माणूस काय करतो ते उघडं पडतं. तू चाप ओढलास, आवाज काहीच नाही, आणि नळी पार खाली गेली, डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, खांदा पुढे. ग्रॅहम इतका हसला की त्याला बसावं लागलं. मीही हसले. आता आठवलं तरी हसू येतं, खोटं कशाला सांगू? नाचता येईना अंगण वाकडं! तू मात्र पुढे धक्का सहन करायचा सराव करण्याऐवजी पट्टा आणि बूट नवे घेतलेस.

मग तो शनिवार. मी नव्हते, पण मला असल्यासारखं दिसतं. बार्लीच्या रानाच्या पलीकडच्या कडेला तो फॅलो जातीच्या हरणाचा नर, माजावर आलेला, पंज्यासारखी पसरट शिंगं. तीनशे यार्ड, थोडे जास्तच. शेजारी ग्रॅहम. थोडं पुढे सरकून जवळून मारावं असं तोच म्हणाला, हे त्याने मला नंतर सांगितलं. पण जवळून मारलं तर मॅग्नम घेतली कशाला? तू तिथूनच झाडलीस. अर्थात डोळे मिटून. नराने पाठ कमानीसारखी वर केली आणि झाडीत गेला. रविवारी सकाळी मला फोन करून म्हणालास, छातीत बसली आहे, शंभर टक्के, पलीकडे मरून पडला असेल, फक्त खारीला घेऊन ये. उचलली जीभ लावली टाळ्याला!

गवतात रक्त नव्हतंच. हिरवट काळा चिखल होता, आंबलेल्या चाऱ्याच्या वासाचा. पोटातला. तुला दाखवला तेव्हा तू दोन पावलं मागे सरकलास, नवे बूट म्हणून. इंद्या, पोट फुटलेलं हरीण लगेच मरत नाही. रात्रभर जगतं. आतलं सगळं आत सांडतं आणि आग होते, म्हणून ते पाणी शोधतं, पितं, आणि प्यालेलं पाणीही आतच सांडतं. तो कुठे कुठे बसला ते खारीने एकेक जागा दाखवत नेलं. प्रत्येक ठिकाणी गवत चेपलेलं, प्रत्येक ठिकाणी त्याने मान मागे वळवून स्वतःची जखम चाटलेली. मी हे सगळं तिथेच तुला सांगत होते आणि तू ग्रॅहमला विचारत होतास, शिंगं मोजायची पद्धत कुठली चांगली.

माझा नियम तुला माहीत होता. माग काढताना भरलेली रायफल एकच, ती माझी. बाकीच्यांनी काडतुसं काढून ठेवायची, कारण झाडीत कोण कुठे आहे ते फक्त दोरी धरणाऱ्याला कळतं. तू मान डोलावलीस. ग्रॅहमसमोर रायफलचा बोल्ट उघडून आत काडतूस नसल्याचं दाखवलंस. नंतर कधीतरी, माझी पाठ वळल्यावर, तू एक काडतूस आत सरकवलंस. ते कधी केलंस ते मी विचारणार नाही, मला आता ते महत्त्वाचं वाटत नाही.

ओढ्याकाठच्या काटेरी जाळीत तो उभा राहिला. पळायची ताकद नव्हती, खारीकडे शिंगं रोखून नुसता थरथरत होता. ती भुंकत होती, दोरी ताणलेली होती, माझ्या डाव्या हाताला तिचे हिसके बसत होते, आणि उजव्या हाताने मी खांद्यावरून रायफल काढत होते. एक गोळी, मानेत, आणि त्याचे हाल संपले असते. तेवढ्यात समोरच्या चढावर तू आलास. बंदूक वाजली, नर कोसळला, आणि माझ्या हातातली दोरी सैल पडली. भुंकणं मध्येच थांबलं. ती कण्हलीसुद्धा नाही. चाळीस यार्डांवरून मारलेली मॅग्नमची गोळी हरणात थांबत नाही, हे हातात बंदूक देण्याआधी मी तुला शिकवलं होतं, सगळ्यात पहिलं तेच शिकवलं होतं: मारायच्या जनावराच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही.

तू उतारावरून धावत आलास. मी चिखलात बसले होते, खारीचं डोकं माझ्या मांडीवर. तू आमच्या बाजूने पुढे गेलास, नराचं डोकं उचललंस आणि ग्रॅहमला ओरडून सांगितलंस की शिंगं शाबूत आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणालास, ही मध्ये कशी आली? ग्रॅहम नुसता ‘बॅड लक’ म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला. तो सिंडिकेटचा माणूस, कुत्रं मेलं हे त्याला पोलिसांना कळवावंच लागलं, नाहीतर तेही त्याने केलं नसतं. पण काय दिसलं असं पोलिसांनी विचारलं तर तो काहीच दिसलं नाही असं सांगेल, आणि तुला त्याची खात्री आहे. म्हणून तर तुझे सगळे मेसेज मला येताहेत.

तिला मी एकटीने जाळायला नेलं. दुसऱ्या दिवशी तुझं व्हॉइस नोट आलं, की भाऊबीजेला ओवाळणी म्हणून त्याच जातीचं पिल्लू देतो, ब्रीडरशी बोललास पण. आणि त्यातच पुढे, श्वासही न घेता, माझ्या गाडीत टाकलेलं नराचं डोकं कुठे ठेवलंय, ते भुसा भरणाऱ्याकडे लवकर पोचवायला हवं. मी म्हटलं, क्लिनिकच्या फ्रीझरमध्ये आहे, काळजी करू नकोस. नाहीये रे. शिंगं मी हाडं कापायच्या करवतीने कापली, वीतभर लांबीचे तुकडे केले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांना चघळायला वाटले. त्यांना फार आवडतात. एक म्हातारी लॅब्रॅडोर तर तुकडा तोंडात घेऊन दारातच बसली, मालकीण ओढते आहे आणि ही हलेना. माझा तो दिवस बरा गेला.

आता जे आईला सांगितलं नाही ते. तुम्ही सगळे कुत्री-कुत्री करताय. आईच्या दृष्टीने एका बाजूला कुत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, मग ती मुलाकडे झुकणारच. पण दोरीचं एक टोक खारीच्या गळ्यात होतं आणि दुसरं कोणाच्या हातात होतं, याचा विचार तुमच्यापैकी कोणीही केला नाही. नर, त्याच्या मागे खारी, तिच्या मागे मी. एका रेषेत. सरळ जाणारी गोळी, तुझ्याच शब्दांत. आणि मी तुला दिसले नाही असं म्हणू नकोस. भडक नारिंगी जॅकेट होतं अंगात. तू चढावर आलास तेव्हा मी रायफलचा पट्टा सोडून हात वर करून थांब अशी खूण केली, आणि तूही हात वर केलास. मला वाटलं कळलं तुला. मग तू तोच हात खाली आणून बंदुकीला लावलास.

माझ्या डाव्या पोटरीत एक तुकडा शिरला. गोळीवरचं तांब्याचं कवच फुटतं, त्यातला, तुरीच्या डाळीएवढा. बूट रक्ताने भरला होता पण सगळीकडे खारीचंच रक्त होतं, त्यामुळे कोणाला वेगळं दिसलं नाही. हॉस्पिटलात गेले नाही, कारण बंदुकीची जखम म्हटली की ते पोलिसांना कळवतात. हो, तेव्हा मी तुला वाचवतच होते. क्लिनिकला येऊन शटर ओढलं, स्वतःच चिमटा घातला, स्वतःच टाके घातले, कुत्र्यांना घालते त्याच दोऱ्याने. आणि मग मी वाट बघत बसले. आठवडाभर. तुझा फोन वाजला की वाटायचं, आता विचारेल. इंद्या, तू एकदा, नुसतं एकदा, ताई तुला लागलं नाही ना असं विचारलं असतंस, तर आईची शपथ, मी त्या ऑफिसरला सांगितलं असतं की दोरी माझ्याच हातातून सुटली. खारी गेली होती, ती काही परत येणार नव्हती. तुझ्यासाठी मी तिच्या नावावर खोटं बोलले असते. मालविकाने विचारलं. तिने फोन केला तेव्हा पहिलं वाक्य तेच होतं, ताई, तुम्हाला काही झालं नाही ना? मी तिला नाही म्हटलं आणि फोन ठेवून इतकी रडले, की तितकी खारी गेली तेव्हाही रडले नव्हते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गुरुवारपर्यंत मला धीर निघाला नाही, मी आज सकाळी स्वतःच पोलिसांकडे गेले. सगळं सांगितलं, लपवलेलं काडतूस, वर केलेला हात, सगळं. पोटरीतला तुकडा कापसात गुंडाळून ठेवला होता, तोही दिला आणि पाय उघडून टाके दाखवले. ऑफिसर बाई होती. तिने वाक्य पूर्ण होईपर्यंत लिहिणं थांबवलं नाही, आणि मग पहिल्यांदा वर बघून विचारलं की हे अपघातात धरायचं का. मी नाही म्हटलं. तुझ्याकडे कधी येणार ते तिने मला सांगितलं नाही, पण तिने तुझा पत्ता विचारला आणि लगेच उठली. तुला आधी कळलं असतं तर तू वकील गाठला असतास, आईला माझ्या दारात आणून बसवलं असतंस, ग्रॅहमला पढवलं असतंस. म्हणून फोन नाही, म्हणून पत्र. कोपऱ्यावरच्या दुकानातून मुद्दाम सेकंड क्लासचा, उशिरा पोचणारा स्टॅम्प आणला आहे. ते आधी पोचतील, मी नंतर. तू हे वाचत असशील तेव्हा गन कॅबिनेट रिकामं असेल आणि तुझी मालविकाही सोफ्यावर बसून तुझ्याकडे बघत असेल. तिला सांग, ताईला लागलं होतं.

तुझीच, बदलता येत नाही म्हणून,
मृणालताई